दीड मिनिटाची प्रार्थना

आमच्या वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीइतकं खरं बोलणारं माणूस देवास शहरात दुसरं नाही, आणि तिच्याइतका त्रास या शहरात दुसऱ्या कुणी कुणाला दिलेला नाही. दोन्ही विधानं मी जबाबदारीनं करतो आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत आयुष्य गेल्यामुळे अतिशयोक्ती दिसली की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. इथे तो गेला नाही. ही मुलगी धारच्या माझ्या एका वर्गमित्राची. तिचे आजोबा कुक्षीला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, वडील धारच्या शाळेत गणित शिकवतात; घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आणि त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी. बी.एस्सी.ला देवासमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा वडील तिला घेऊन आले, एक ट्रंक, एक कुकर आणि काळ्या बांधणीचं पवित्र शास्त्र आमच्या वरच्या खोलीत ठेवलं, आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिच्यावर लक्ष ठेव रे. अभ्यासाचं नाही म्हणत मी, अभ्यास ती करेल." मग कशावर लक्ष ठेवायचं, हे न सांगताच ते इंदूरच्या बसमध्ये बसले. पहिल्या दिवशी रात्रीच्या जेवणाला आमच्या घरच्यांनी तिला विचारलं, "भाजी कशी झालीय गं?" तिनं घास नीट चावून, विचार करून सांगितलं, "मीठ जास्त आहे काकू, आणि खालून लागली पण आहे. पण मला भूक लागून राहिली आहे, तर चालेल." लग्नाला तीन दशकं होऊन गेली, या घरात एवढं कुणी बोललं नव्हतं. त्या आठवड्यापासून आमच्याकडचा स्वयंपाक सुधारला. हे मी इथे लिहितो आहे. घरात अजून बोललेलो नाही.

कॉलेजात तिला पहिल्याच आठवड्यात एक मैत्रीण मिळाली. धारजवळच्या मनावर गावातल्या कापूस व्यापाऱ्याची मुलगी, शेजारच्या गल्लीत पेइंग गेस्ट म्हणून राहणारी, स्वभावानं गोड आणि सकाळी साडेनऊच्या आधी शुद्धीवर न येणारी. पहिला तास आठला असे. तिनं आमच्या या वरच्या खोलीतल्या मुलीला अगदी साधी विनंती केली, जी त्या कॉलेजात सगळे सगळ्यांना करत असत: सरांनी माझा नंबर पुकारला की तू 'यस सर' म्हण. आमच्या मुलीनं विचारलं, "तू है ही नहीं, तो 'है' कैसे बोलूँ?" "अरे, सब बोलते हैं!" "सब बोलते होंगे. मैं बोलूँगी तो रात को मुझे बताना पड़ेगा." "किसको?" मुलीनं नुसतं वर बोट दाखवलं. मैत्रिणीला वाटलं, वरच्या मजल्यावरच्या प्राचार्यांना. गैरसमज दूर झाल्यावर ती म्हणाली, "आ गई हरिश्चंद्र की नानी!" आणि दोन दिवस बोलली नाही. पण आमच्या मुलीच्या मते खोटं न बोलणं हे अर्धंच काम; मैत्रिणीचं नुकसान होऊ न देणं हे उरलेलं अर्धं. म्हणून ती रोज सातला शेजारच्या गल्लीत जाऊन फाटक वाजवू लागली. मैत्रीण उठेपर्यंत वाजवी. त्या घरात आणखी चार मुली राहत, त्याही उठू लागल्या. महिन्याभरात ही सेवा तीन घरांपर्यंत पोचली. परिणामी आठच्या तासाला, जिथे कागदावर साठ आणि बाकावर नऊ असत, तिथे खरोखरच मुलं दिसू लागली. त्या तासाच्या सरांनी एकदा तिला थांबवून विचारल्याचं तिनंच सांगितलं: "बेटा, ये सबको तू लाती है?" "हाँ सर." "क्यों?" त्या आवाजात दु:ख होतं, असं तिचं म्हणणं. कितीतरी वर्षांनी त्यांच्यावर अख्खा अभ्यासक्रम शिकवायची पाळी आली होती.

खाण्यापूर्वी ती डोळे मिटून प्रार्थना करी. यात विशेष काही नाही, तिच्या घरी सगळेच करतात. विशेष होतं ते तिचं काटेकोरपण. पोहे-जिलबीला एक प्रार्थना की दोन, यावर तिनं धारला फोन करून वडिलांचं मत घेतलं होतं. एका पानात असेल तर एक, असा निर्णय झाला. पाणीपताशांचा, म्हणजे पाणीपुरीचा, प्रश्न अवघड होता, कारण ते एकेक करून येतात. तिनं ठरवलं की एका प्लेटला एकच. मात्र शेवटी फुकट मिळणारा सुका पताशा वेगळा धरायचा, कारण तो आपण मागितलेला नसतो, तेव्हा त्याचे आभार आधीच्या आभारांत येत नाहीत. कोपऱ्यावरचा ठेलेवाला पहिल्या दिवशी हातात भरलेला पताशा घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. तिचे डोळे मिटलेले. "दीदी, चक्कर आ रहा है क्या?" उत्तर नाही. "दीदी, गल जाएगा!" तोवर तो गळलाच, त्याच्या मनगटावरून. पुढे त्याला सवय झाली, ती आली की तो बाकीच्या गिऱ्हाइकांना हातानं गप्प करी आणि तिचे डोळे उघडले की म्हणे, "हो गया? तीखा या मीठा?" कॉलेजच्या कँटीनमध्ये एवढी सभ्यता नव्हती. तिथे डोळे मिटले की कचोरी नाहीशी होई. तिनं तक्रार केली नाही. डावा हात कचोरीवर ठेवून प्रार्थना करायची पद्धत काढली. लांबून पाहणाऱ्याला ती कचोरीला आशीर्वाद देते आहे असं वाटे.

वर्गातल्या मुलांचा तिच्याबद्दल आणखी एक गैरसमज होता, तो म्हणजे ख्रिस्ती माणसाला इंग्रजी येतंच. इंग्रजीचे अर्ज, इंग्रजीची स्पेलिंगं, सगळं तिच्याकडे येई. खरं म्हणजे हिंदी शाळेत शिकलेल्या या मुलीचं इंग्रजी वर्गात शेवटून तिसरं होतं, आणि ते ती आकड्यासह सांगे. कुणाचा विश्वास बसेना. भाव खाते, असं ठरलं. नाताळला केकच्या आशेनं सहा जणी तिच्याबरोबर आमच्याकडे आल्या, तर धारहून आलेल्या डब्यात करंज्या, चकल्या आणि शंकरपाळे. "ये तो दिवाली का है भिया!" मनावरची मैत्रीण हताश होऊन म्हणाली. "हमारे यहाँ क्रिसमस पर यही बनता है," मुलीनं सांगितलं, आणि मग खरं बोलायचं राहू नये म्हणून पुढे जोडलं, "करंजी इस बार मम्मी की ज़रा बिगड़ गई है." पण नाताळचं हे मी पुढचं सांगून गेलो. त्याच्या आधी जे घडलं ते सांगायला हवं.

तिच्या घरी रोज संध्याकाळी आठ वाजता कौटुंबिक प्रार्थना होते. चटईवर सगळे बसतात, वडील प्रार्थना करतात, बाकीचे शेवटी 'आमेन' म्हणतात. मुलगी देवासला आल्यावर हा कार्यक्रम व्हिडिओ कॉलवर सुरू झाला. वरच्या खोलीत नेटवर्क येत नसल्यामुळे तो आमच्या स्वयंपाकघरात होई. लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेला फोन, फोनमध्ये माझ्या मित्राचं फक्त कपाळ, आणि त्या कपाळातून निघणारी जुन्या वळणाची, भरघोस मराठी. गणिताचा शिक्षक असल्यामुळे प्रार्थनेला क्रम होता: आधी देश, मग राज्य, मग धार नगरपालिकेचा नळ, मग वयानुसार नातेवाईक, मग आजारी, मग परीक्षार्थी, आणि सगळ्यांत शेवटी, "या तुझ्या सेवकाच्या गुडघ्यांना बळ दे." बावीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्यात माझी शुगर दाखल झाली. आमच्या घरच्या पोळ्या लाटता लाटता ऐकत असत, मित्रानं "आमच्या या बंधूची साखर नियंत्रणात आहे, याबद्दल तुझे आभार" असं म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या, "कुठली भावजी, काल एकशे ऐंशी होती." कपाळ क्षणभर थांबलं आणि दुरुस्तीसह पुढे गेलं. शेवटी मुलगी 'आमेन' म्हणे, आमच्या घरच्याही सभ्यता म्हणून म्हणत, आणि मग पानं वाढली जात.

हे सुरळीत चाललं असतं. पण ऑक्टोबरमध्ये वर्गातल्या कुणीतरी तिला सहज विचारलं, "तू इतना भगवान-भगवान करती है, करती क्या है असल में?" दुसऱ्या कुणी असतं तर 'प्रार्थना करते' म्हणून मोकळं झालं असतं. हिनं खरोखर विचार केला आणि उत्तर दिलं, "मैं आमेन बोलती हूँ." वर्ग हसला. ती हसली नाही. त्या संध्याकाळी बरणीला फोन टेकवायच्या आधीच तिनं वडिलांना सांगितलं, "पप्पा, उद्यापासून तुम्ही तिकडे करा. मी इकडे माझी करते." "का? आवाज तुटून राहिलाय का?" "आवाज येतो." "मग?" "सगळं तुम्हीच बोलता पप्पा. मी नुसती सही करते. माझं काही आहे का नाही, ते बघायचंय मला." कपाळावरच्या आठ्या फोनमध्ये स्पष्ट दिसल्या. त्यानं फोन आणखी जवळ घेतला. मग म्हणाला, "बघ."

दुसऱ्या दिवशी रात्री नऊ वाजता मला त्याचा फोन आला. "केली का रे तिनं?" तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की लक्ष कशावर ठेवायचं होतं. मी म्हटलं, "अरे, मला कसं कळणार?" "तू बातमीदार ना? बघून सांग." गावात कुठे काय होतंय हे बघून सांगण्यात माझी नोकरी गेली, पण डोळे मिटून बसलेली मुलगी आतून काय करते आहे याची बातमी मी कधी दिली नव्हती. तरीही रोज फोन येई आणि मी जेवढं दिसे तेवढं सांगे: आठ वाजता वर गेली, दिवा लागला, सव्वाआठला खाली आली. "चेहरा कसा होता?" "चेहऱ्यासारखा." "तुला काही कळत नाही," असं म्हणून तो फोन ठेवी.

खरी हकिकत तिनंच आमच्या घरच्यांना भाजी निवडताना सांगितली. ती बसते, डोळे मिटते, आणि वडिलांचंच सगळं येतं, त्याच क्रमानं. "काल मी माझ्या गुडघ्यांना बळ मागितलं काकू. माझ्या! मला काय झालंय गुडघ्यांना?" आमच्या घरच्या हसल्या, तीही हसली, आणि मग हातातली जुडी खाली ठेवली. "ते शब्द म्हटले की खोटं बोलल्यासारखं वाटतं. आणि ते काढले तर खाली काहीच नसतं." आमच्या घरच्या रोज पोथी वाचतात. त्या म्हणाल्या, "अगं, रोजचं रोज मन कुठे जागेवर असतं? मी पण वाचताना एक डोळा दुधावर ठेवते. वाचायचं आपलं." मुलगी म्हणाली, "तुमचं निदान दूध तरी खरं असतं काकू. मला माणसांशी खोटं बोलता येत नाही, तर त्याच्याशी कसं बोलू?" त्यानंतर तिनं वर जाऊन बसणं बंद केलं. जेवताना डोळे मिटणं बंद झालं. फाटक वाजवायला ती जाई, पण परतताना नेहमीसारखी गुणगुणत नसे. एका संध्याकाळी मी कोपऱ्यावर उभा असताना ती ठेल्याशी आली. ठेलेवाल्यानं सवयीनं गिऱ्हाइकांना गप्प केलं आणि थांबला. तिनं सरळ हात पुढे केला. "दीदी, आज नहीं?" "आज नहीं भैया." त्यानं पताशा दिला, पण तिच्यापेक्षा तोच जास्त अवघडला. त्या दिवशी धारच्या फोनला मी म्हटलं, "दिसलं नाही." 'करत नाही' असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती. पलीकडून तो म्हणाला, "मीच पाठवली रे तिला तिकडे." एवढंच. त्या दिवशी चेहऱ्याबद्दल विचारलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा होती. बाहेरगावचे परीक्षक येणार, आणि ते मुलींना रडवल्याशिवाय सोडत नाहीत अशी ख्याती. सकाळी सातला मी ओट्यावर पेपर वाचत होतो, तर मनावरची मैत्रीण स्वतःहून उठून, चालत आमच्याकडे आली. ही घटनाच मुळात छापण्याजोगी होती. ती पायरीवर बसली आणि रडू लागली. आमची मुलगी जिन्यावरून धावत खाली आली. "मैं नहीं जा रही. मुझे कुछ नहीं आता. पापा बोले हैं, इस बार रह गई तो मनावर वापस." "उठ, देर हो रही है." "पहले तू तेरा वाला कर दे." "मेरा वाला क्या?" "वही, आँख बंद वाला. मम्मी ने टेकरी पर माता को नारियल बोल दिया है, तू भी कर दे. सब तरफ से लगा दे यार!"

मुलीचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. वडिलांनी तिला निघताना बजावलं होतं की कॉलेजात कुणासाठी मोठ्यानं प्रार्थना करू नकोस, लोक भलता अर्थ काढतात. आणि दिवस तसे आहेत, हे मलाही माहीत होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पेपर वर केला. ती मैत्रिणीला म्हणाली, "मेरा आजकल बंद है." "तो चालू कर!" मैत्रीण ओरडली. "मेरी ज़िंदगी का सवाल है और तेरा बंद है?" पेपराआडून मला दोघींच्या चपला दिसत होत्या. आणि मग आमची मुलगी बोलू लागली, वडिलांच्या मराठीत नाही, रविवारच्या उपासनेतल्या जड हिंदीतही नाही, तर ठेल्यावर, फाटकावर, कँटीनमध्ये बोलायची त्या भाषेत. "प्रभू, ये डर गई है. इसने पढ़ा है. मतलब, थोड़ा पढ़ा है. पूरा नहीं पढ़ा, आपसे क्या झूठ बोलना." "अरे, वो मत बता ना!" मैत्रीण कुजबुजली. "चुप. जितना पढ़ा है, उतना याद रह जाए. और जो नहीं पढ़ा, वो पूछ लें तो रोए नहीं, सीधा बोल दे कि नहीं आता. मैं साथ में खड़ी रहूँगी, पर मुझे अंदर नहीं जाने देंगे, तो अंदर आप देख लेना." इथे ती थांबली. "और मुझे नहीं पता आप मेरी सुनते हो कि नहीं. पप्पा की सुनते थे. ये मेरी पहली है." पुन्हा थांबली. "बस. इतना ही है. आमेन." "आमेन," मैत्रीण म्हणाली, "जय माता दी," आणि नाक पुसून उठली. दोघी गेल्या. मी घड्याळ पाहिलं. दीड मिनिट.

मैत्रीण पास झाली. याचा प्रार्थनेशी किंवा नारळाशी संबंध जोडण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. परीक्षकांनी तिला नेमकं न वाचलेलंच विचारलं आणि ती "नहीं आता सर" असं न रडता म्हणाली, एवढं मात्र दोघींनी वेगवेगळं आणि जुळेल असं सांगितलं.

त्या रात्री नऊला फोन आला. "काही?" "केली," मी म्हटलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "किती वेळ?" "दीड मिनिट." "दीडच?" "दीडच." "मराठीत?" "नाही. हिंदीत. आपल्या इकडच्या." त्यानं हळूच विचारलं, "काय म्हणाली रे?" मला शब्दन् शब्द पाठ होता. मी म्हटलं, "ते तिला विचार." "नाही," तो म्हणाला, "तिला नाही विचारणार." त्यानंतर नऊचा फोन बंद झाला. माझी नोकरी दुसऱ्यांदा सुटली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. डोळे कधी मिटते, कधी नाही. विचारलं तर कारण सांगते, म्हणून आम्ही विचारत नाही. गेल्या महिन्यात तिचे वडील एका लग्नासाठी देवासला आले आणि दोन दिवस आमच्याकडे राहिले. संध्याकाळी आम्ही ओट्यावर चहा घेत होतो. वर दिवा लागला आणि थोड्या वेळानं तिचा आवाज येऊ लागला, हळू, मधेच थांबणारा, मधेच हसल्यासारखा. शब्द काही लागत नव्हते. मित्रानं बोलणं थांबवलं आणि मान कलती करून ऐकू लागला. मग कप ओट्यावर ठेवून उठला, जिन्याशी गेला, कठड्याला धरून दोन पायऱ्या चढला. तिथे तो बराच वेळ उभा होता. मग तसाच, पाठ न फिरवता, एकेक पायरी उतरून खाली आला आणि माझ्या शेजारी बसला.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला, आणि गार झालेला चहा त्यानं सावकाश संपवला.